माळरान, अंतर आणि लेन्स : प्रवास व वन्यजीव छायाचित्रणातील टेलिफोटो झूम लेन्सच्या निवडीची चिकित्सा

प्रस्तावना :

छायाचित्रणाविषयीच्या लेखनाचे साधारणतः दोन प्रवाह आढळतात. एका प्रवाहात यंत्राची माहिती असते. नाभीय अंतर, अ‍ॅपर्चर, वजन यांचे तक्ते असतात. दुसऱ्या प्रवाहात तयार छायाचित्राचा आस्वाद असतो. रंग, रचना, क्षण यांची चर्चा असते. या दोहोंच्या मध्ये लेन्स उभी असते. कोणती लेन्स निवडली यावरच छायाचित्रात काय येणार आणि काय वगळले जाणार हे पुष्कळ अंशी ठरते. म्हणून लेन्सची निवड हा केवळ खरेदीचा विषय नसून तो दृष्टीचा, आणि म्हणूनच समीक्षेचाही विषय ठरतो.

प्रस्तुत लेखात टेलिफोटो झूम लेन्सच्या निवडीचा विचार एका विशिष्ट भूप्रदेशाच्या संदर्भात करावयाचा आहे. बार्शी हे त्या प्रदेशाचे मध्यवर्ती गाव होय. बार्शीहून वैरागमार्गे सोलापूरकडे जाताना नान्नजचे माळरान लागते. पूर्वेस येडशीचा रामलिंग घाट आहे, तर पश्चिमेस भीमेवरील उजनी जलाशयाचा विस्तीर्ण फुगवटा आहे. उघडे माळ, झुडपी जंगल आणि पाणथळ असे तीन प्रकारचे अधिवास एका दिवसाच्या प्रवासाच्या टप्प्यात येतात. साहजिकच या परिसरातील महाविद्यालयांच्या निसर्गमंडळांत आणि हौशी छायाचित्रकारांत 'कोणती लेन्स घ्यावी' हा प्रश्न वारंवार चर्चिला जातो. त्याचे प्रचलित उत्तर 'परवडेल तितकी लांब' असे आहे. या उत्तराची तपासणी करणे हा प्रस्तुत विवेचनाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी : माळढोकाचा माळ

नान्नजच्या माळाचे नाव देशभर झाले ते माळढोक पक्ष्यामुळे. सोलापूरचे पक्षिअभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी १९७० च्या दशकात येथील माळढोकांकडे लक्ष वेधले. १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांतील सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्यात गावे, शेते, रस्ते, वस्त्या असे सारेच आले. पुढे न्यायालयीन प्रक्रियेनंतर हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले. या काळात माळढोकाची संख्या मात्र सतत घटत गेली. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या पक्ष्याचा समावेश 'अतिसंकटग्रस्त' वर्गात केला. आज देशात उरलेले बहुतेक माळढोक राजस्थानात आहेत आणि नान्नजला त्याचे दर्शन ही अपवादात्मक घटना ठरली आहे.

तथापि माळढोक दुर्मिळ झाला म्हणून माळ रिकामा झाला, असे नव्हे. काळवीट, लांडगा, खोकड, धाविक, माळटिटवी, चंडोलांचे विविध प्रकार, हिवाळ्यात येणारे शिकारी पक्षी हे सर्व या गवताळ प्रदेशाचेच रहिवासी होत. लेन्सच्या निवडीचा विचार करताना हा मुद्दा महत्त्वाचा आहे. कारण एका दुर्मिळ पक्ष्यासाठी घेतलेली लेन्स उरलेल्या माळासाठी योग्य असेलच असे नाही.

नाभीय अंतराचे गणित आणि त्याची मर्यादा :

लेन्सचे नाभीय अंतर वाढले की प्रतिमेचा आकार त्याच प्रमाणात वाढतो. दूरच्या वस्तूच्या बाबतीत वस्तूची उंची आणि नाभीय अंतर यांच्या गुणाकाराला वस्तूच्या अंतराने भागले असता सेन्सरवरील प्रतिमेची उंची मिळते. काळवीट नराची खांद्यापर्यंतची उंची सुमारे ८० सेंटिमीटर धरू. तो ६० मीटरवर उभा असल्यास ३०० मिमीच्या लेन्सने त्याची प्रतिमा ४ मिमी, ४०० मिमीने सुमारे ५.३ मिमी आणि ६०० मिमीने ८ मिमी उंचीची पडेल. पूर्ण आकाराच्या सेन्सरची उंची २४ मिमी असते. म्हणजे ३०० मिमीने काळवीट चौकटीच्या एकषष्ठांश, तर ६०० मिमीने एकतृतीयांश उंची व्यापेल.

लहान आकाराचा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर हेच ३०० मिमी कॅनन पद्धतीत १.६ पट आणि निकॉन पद्धतीत १.५ पट लांब असल्यासारखे भासते. याला 'पट वाढणे' म्हटले जाते. परंतु वस्तुतः सेन्सरवर पडणारी प्रतिमा तेवढीच राहते, फक्त तिच्या भोवतालचा भाग कापला जातो. जवळ जाण्याचा जो भास निर्माण होतो तो परिसर वगळल्यामुळे निर्माण होतो. हा तांत्रिक तपशील पुढील विवेचनाच्या दृष्टीने सूचक आहे.

आता माळढोकाचे उदाहरण घेऊ. नराची उंची सुमारे एक मीटर असते. तो २०० मीटरवर असताना ६०० मिमीच्या लेन्सने त्याची प्रतिमा ३ मिमी, म्हणजे पूर्ण आकाराच्या सेन्सरच्या उंचीच्या एकअष्टमांश येईल. त्याने निम्मी चौकट भरावी अशी अपेक्षा असेल तर त्याच लेन्सने ५० मीटरपर्यंत जावे लागेल. उघड्या माळावर माणसाला इतके जवळ येऊ देणे या बुजऱ्या पक्ष्याच्या स्वभावात नाही. याचा अर्थ असा की, चौकट भरणारे माळढोकाचे चित्र ही लेन्सची देणगी कमी आणि लपणीतील दीर्घ प्रतीक्षेची किंवा पक्ष्याला दिलेल्या त्रासाची निष्पत्ती अधिक असते. कोणती, हे चित्राकडे पाहून कळत नाही.

या गणिताला माळावरील हवेची जोड द्यावी लागते. सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. तापलेल्या जमिनीवरील हवेचे थर कमी-अधिक घनतेचे होतात आणि त्यांतून येणारा प्रकाश सतत थरथरत राहतो. या थरथरीचा दोष लेन्सकडे नसतो, त्यामुळे महागडी लेन्सही तो दूर करू शकत नाही. किंबहुना नाभीय अंतर जितके अधिक तितकी ही थरथर मोठी होऊन दिसते. हिवाळ्यातही उन्हे चढल्यावर दूरच्या काळविटाचे पाय वितळल्यासारखे दिसतात. परिणामी ६०० मिमीची लेन्स घेणाऱ्याला तिचा खरा लाभ सकाळचे पहिले दोन-अडीच तास आणि सायंकाळचा अल्प काळ एवढाच मिळतो. जेव्हा हवा स्थिर असते तेव्हा प्रकाश मंद असतो, आणि जेव्हा प्रकाश भरपूर असतो तेव्हा हवा अस्थिर असते. माळावरील छायाचित्रणाचा हा मूलभूत पेच आहे.

प्रकाश, वजन आणि प्रवास :

मंद प्रकाशाचा प्रश्न अ‍ॅपर्चरशी निगडित आहे. एफ/५.६ पेक्षा एफ/४ दुप्पट, तर एफ/२.८ चौपट प्रकाश आत घेते. परंतु याची किंमत काचेच्या व्यासात मोजावी लागते. नाभीय अंतराला अ‍ॅपर्चरच्या अंकाने भागले की आवश्यक व्यास मिळतो. ४०० मिमी एफ/५.६ साठी तो सुमारे ७१ मिमी, ६०० मिमी एफ/६.३ साठी सुमारे ९५ मिमी आणि ६०० मिमी एफ/४ साठी तब्बल १५० मिमी येतो. व्यास वाढला की काचेचे वजन आणि किंमत व्यासाहून कितीतरी वेगाने वाढते. झूम लेन्सचे निर्माते एफ/६.३ किंवा एफ/७.१ वर का थांबतात याचे उत्तर या भागाकारात आहे.

स्थिर छायाचित्रणाच्या कॅमेऱ्यासाठी पहिली झूम लेन्स फोक्टलेंडर कंपनीने १९५९ मध्ये बाजारात आणली. प्रतिमेच्या कंपनावर मात करणारी व्यवस्था असलेली बदलता येणारी लेन्स कॅननने १९९५ मध्ये ७५-३०० मिमीच्या रूपाने दिली. १९९८ मध्ये आलेली कॅननची १००-४०० मिमी आणि २००० मधील निकॉनची ८०-४०० मिमी यांनी हातात धरून वन्यजीव टिपणे सर्वसामान्य छायाचित्रकाराच्या आवाक्यात आणले. पुढील मोठा टप्पा २०१३-१४ मध्ये आला. टॅमरॉन व सिग्मा यांच्या १५०-६०० मिमी लेन्सनी ६०० मिमी हा आकडा मध्यमवर्गीय खरेदीच्या कक्षेत आणला. २०१५ मध्ये निकॉनची २००-५०० मिमी एफ/५.६, २०१९ मध्ये सोनीची २००-६०० मिमी आणि २०२३ मध्ये निकॉनची आरसाविरहित कॅमेऱ्यांसाठीची १८०-६०० मिमी लेन्स आली. दुसऱ्या बाजूस कॅननने २०२० मध्ये १००-५०० मिमी आणि २०२१ मध्ये अवघ्या ६३५ ग्रॅम वजनाची १००-४०० मिमी लेन्स आणून हलकेपणाचा मार्ग स्वीकारला.

या दोन मार्गांतील फरक प्रवासात कळतो. १५०-६०० वर्गातील लेन्सचे वजन साधारणतः दोन किलोच्या आसपास, तर सिग्माच्या अधिक मजबूत आवृत्तीचे वजन २.८ किलोहून अधिक आहे. कॅमेरा, तिपाई, पाणी हे सर्व त्यात मिळवावे लागते. बार्शीहून एस. टी. ने किंवा मोटारसायकलवरून निघालेल्या अभ्यासकासाठी हा भार दुय्यम नाही. भार जड झाला की लेन्स घरी राहते, आणि घरी राहिलेल्या लेन्सची गुणवत्ता कितीही उत्तम असली तरी ती शून्यवत ठरते.

प्रवासातील विषयही केवळ वन्यजीव नसतात. परंड्याचा किल्ला, तेरचे त्रिविक्रम मंदिर, नळदुर्गचा पाणीमहाल ही याच परिसरातील स्थळे होत. येथे उंचावरील शिल्पे, बुरुजावरील तोफा, गर्दीतील चेहरे यांसाठी १०० ते २०० मिमीचा पल्ला अतिशय उपयुक्त ठरतो. ज्या झूमची सुरुवातच २०० मिमीपासून होते ती लेन्स येथे निरुपयोगी होते. अर्थात १०० मिमीपासून सुरू होणारी लेन्सही मंदिराच्या सभामंडपात चालणार नाही. तेथे लहान पल्ल्याच्या दुसऱ्या लेन्सची गरज राहतेच. १८ मिमीपासून २०० वा ३०० मिमीपर्यंत सर्वकाही करणाऱ्या लेन्स सोयीच्या खऱ्या, पण लांब टोकाला त्यांची स्पष्टता आणि केंद्रीकरणाचा वेग उडत्या पक्ष्याला पुरत नाही.

कंपरोधक व्यवस्थेविषयीचा एक गैरसमजही येथे दूर करावयास हवा. ही व्यवस्था हाताचे कंपन कमी करते. प्राण्याची हालचाल थांबवीत नाही. ४०० मिमीसाठी किमान १/४०० सेकंद हा जुना संकेत या व्यवस्थेमुळे शिथिल झाला, हे खरे. परंतु धावणाऱ्या काळविटासाठी १/१००० सेकंद वा त्याहून कमी काळ लागतोच. तसेच टेलिकन्व्हर्टर जोडून नाभीय अंतर १.४ पट केले तर प्रकाश निम्मा होतो, दुप्पट केले तर चौथा हिस्सा उरतो. अनेक जुन्या डिजिटल एसएलआर कॅमेऱ्यांचे स्वयंचलित केंद्रीकरण एफ/५.६ च्या पलीकडे चालत नाही, हेही जुनी उपकरणे असलेल्या महाविद्यालयीन विभागांनी लक्षात घ्यावयास हवे.

चौकट भरण्याचे सौंदर्यशास्त्र :

आतापर्यंतच्या विवेचनावरून निवड ही तडजोड आहे, एवढे स्पष्ट होते. मात्र खरा प्रश्न या तडजोडीमागील सौंदर्यदृष्टीचा आहे. गेल्या दोन-तीन दशकांत वन्यजीव छायाचित्राचा एक आदर्श रूढ झाला आहे : प्राण्याने चौकट व्यापलेली, डोळा तीक्ष्ण, पिसांचा धागा न् धागा स्पष्ट आणि पार्श्वभूमी एकरंगी, विरघळलेली. स्पर्धा, दिनदर्शिका आणि प्रदर्शने यांनी हा आदर्श दृढ केला आहे. लेन्सची परीक्षणेही याच आदर्शाला धरून लिहिली जातात. भिंतीवर लावलेल्या चाचणी-पत्रकाच्या कोपऱ्यात रेषा किती स्पष्ट येतात यावर गुण दिले जातात. कोपऱ्यात गवत असावे की नसावे हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही.

हा आदर्श सदोष आहे असे नव्हे. पक्ष्याची ओळख पटविणे, वय व लिंग ठरविणे, पायातील कड्यावरील खुणा वाचणे यांसाठी अशा चित्रांचे मोल निर्विवाद आहे. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणजवळ होडीतून रोहित पक्षी टिपताना किंवा सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावावर पट्टकादंबांचा थवा निरखताना लांब लेन्स पक्ष्यांपासून दूर राहण्याची मुभा देते, हा तिचा सर्वांत मोठा गुण होय. आक्षेप आहे तो या आदर्शाच्या एकाधिकारावर.

माळरानाच्या बाबतीत या एकाधिकाराचे परिणाम गंभीर आहेत. पार्श्वभूमी विरघळली की काळवीट कोठेही उभा असू शकतो : बागेत, शेतात वा प्राणिसंग्रहालयात. चित्रातून नाहीसे होते ते नेमके गवत. आणि गवताळ माळाची शोकांतिका हीच आहे की प्रशासकीय नोंदींतूनही तो असाच नाहीसा होतो. देशातील पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात अनेक गवताळ प्रदेशांची गणना 'पडीक' या सदरात झाली आहे. जी जमीन पडीक ती मोकळी, आणि जी मोकळी ती वृक्षलागवडीस, वीजवाहिन्यांस, कारखान्यांस उपलब्ध, अशी ही विचारसरणी आहे. माळढोक वीजवाहिन्यांना धडकून मरतो या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये आदेश द्यावा लागला, व तो २०२४ मध्ये बदलावा लागला. तेथील प्रकरण राजस्थान-गुजरातचे होते; पण अवकाशाविषयीचा प्रश्न नान्नजचाही आहे. ज्या छायाचित्रात माळच नाही ते छायाचित्र माळाच्या बाजूने साक्ष देऊ शकत नाही.

याउलट उदाहरणेही आहेत. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांचे व्याघ्रछायाचित्रांचे पुस्तक १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी वाटेवर तार लावून, वाघाच्याच पावलाने कॅमेरा चालेल अशी योजना केली होती. एम. कृष्णन (१९१२-१९९६) यांनी जमवाजमव केलेल्या यंत्रणेने कृष्णधवल चित्रे काढली. त्यांत प्राणी आणि त्याचे रान यांची फारकत झालेली नाही. अलीकडचे उदाहरण तर बार्शीच्या शेजारचेच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये येडशी रामलिंग घाट अभयारण्यात वाघ असल्याचे उघड झाले ते कोणा छायाचित्रकाराच्या टेलिफोटो लेन्समुळे नव्हे, तर वन विभागाने लावलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यामुळे. अंगावरील पट्ट्यांच्या तुलनेवरून तो यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून आल्याचे निष्पन्न झाले. कलात्मक दृष्ट्या सामान्य असलेल्या त्या चित्राने या प्रदेशाविषयीची समजूतच बदलून टाकली. चित्राचे मोल त्याच्या तीक्ष्णतेत नसून त्याच्या साक्षीत असते, याचे हे बोलके उदाहरण म्हणावे लागेल.

येथे एक प्रचलित भ्रमही तपासला पाहिजे. टेलिफोटो लेन्स 'अंतर दाबते' असे म्हटले जाते. वास्तविक दृश्यसापेक्षता ही छायाचित्रकार कोठे उभा आहे यावर अवलंबून असते, नाभीय अंतरावर नाही. लेन्स केवळ चौकट अरुंद करते. तेव्हा कोठे उभे राहावे हा निर्णय लेन्सच्या आधीचा आहे, आणि तो सौंदर्याचा जितका आहे तितकाच नीतीचाही आहे.

कायदा आणि नीती :

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम २८ अन्वये अभयारण्यात प्रवेशासाठी परवाना लागतो आणि छायाचित्रण हा त्यातील एक नमूद हेतू आहे. याच कायद्यातील 'शिकार' या संज्ञेच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी वा घरटी विचलित करणे याचाही समावेश होतो. म्हणजे घरट्यापाशी लेन्स घेऊन बसणारा छायाचित्रकार नकळत शिकाऱ्याच्या व्याख्येत जाऊ शकतो. पुणे वन विभागाने २०२४ मध्ये इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. वाहनाने ठरलेल्या मार्गावरूनच जाण्याचा असा नियम असतो तेव्हा अंतर छायाचित्रकाराच्या हाती राहत नाही. ते प्राणी ठरवितो. अशा ठिकाणी पल्ला बदलता येणारी झूम ही एकाच लांबीच्या लेन्सपेक्षा अधिक उपयोगी, कारण लांडगा दूर असताना ४०० मिमी आणि तो वाटेवर आला असता १०० मिमी, दोन्हींची गरज काही क्षणांच्या अंतराने पडू शकते.

लांब लेन्सच्या बाजूने केला जाणारा सर्वांत सबळ युक्तिवाद असा की, ती दूर राहू देते व त्यामुळे प्राण्याला त्रास होत नाही. तत्त्वतः हे मान्य करावे लागते. परंतु व्यवहारात लांब लेन्स मिळाली की छायाचित्रकार तेथेच थांबत नाही. तो पूर्वीच्याच अंतरावर जाऊन अधिक मोठी प्रतिमा मागतो. वाढलेली क्षमता प्राण्याला अंतर म्हणून द्यावयाची की स्वतःला आकार म्हणून घ्यावयाची, या निवडीत वन्यजीव छायाचित्रणाची सारी नीती सामावलेली आहे.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतील.

१) माळरान व प्रवास या दुहेरी उपयोगासाठी १००-४०० मिमी किंवा १००-५०० मिमी पल्ल्याची, कंपरोधक व्यवस्था असलेली झूम ही अधिक समतोल निवड ठरते. तिच्या लहान टोकाने अधिवास आणि मोठ्या टोकाने प्राणी टिपता येतो.

२) पक्षिनिरीक्षण हाच मुख्य हेतू असेल आणि वाहन वा होडी उपलब्ध असेल, तर १५०-६०० वा २००-६०० मिमी लेन्स समर्थनीय आहे. मात्र तिचा लाभ तापलेल्या हवेमुळे दिवसाच्या मोजक्याच तासांत मिळतो, याची जाणीव ठेवावी.

३) मर्यादित निधी असलेल्या महाविद्यालयीन विभागांनी डिजिटल एसएलआर काळातील, सुस्थितीतील जुन्या लेन्सचा विचार करावा. त्याच कंपनीच्या आरसाविरहित कॅमेऱ्यांवर अशा बहुतेक लेन्स अ‍ॅडाप्टरने चालतात, त्यामुळे खर्च वाया जात नाही.

४) विद्यार्थ्यांना छायाचित्रणाचे काम देताना प्रत्येक जवळच्या चित्रासोबत त्याच जागेवरून, त्याच झूमच्या लहान टोकाने घेतलेले अधिवासाचे चित्र बंधनकारक करावे. नोंद म्हणून या जोडचित्राचे मूल्य एकट्या देखण्या चित्राहून अधिक आहे.

५) लेन्सच्या परीक्षणात तीक्ष्णता, वेग व वजन यांच्या जोडीने 'परिसर दाखविण्याची क्षमता' हा निकषही असावा.

सोलापूरचे सुपुत्र, वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली यांनी सोलापुरात २००६ मध्ये भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. पक्षी आणि त्याचे रान एकत्र पाहण्याची सवय त्यांच्या लेखनाने मराठी वाचकाला लावली. छायाचित्राने ती सवय मोडू नये, एवढी अपेक्षा गैरवाजवी म्हणता येणार नाही. माळढोक जवळजवळ गेला. त्याची चौकट भरलेली चित्रे मागे राहिली. उद्या काळवीट आणि लांडगा यांच्या बाबतीत हेच घडले, तर ते ज्या गवतात राहत होते त्याचे चित्र मागे राहिले आहे काय, असा प्रश्न विचारला जाईल. त्या प्रश्नाचे उत्तर आज निवडल्या जाणाऱ्या लेन्सच्या लहान टोकावरही अवलंबून आहे.